पंजाबराव नावाचा नवरा

१८ डिसेंबर

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं दिवाळीला फुकट दिली. वर खताच्या पोत्याचं चित्र आहे. मी चौथी पास, पाचवीत महिनाभर गेले होते. अक्षर वाकडं येतं. मला वाचता आलं की झालं, दुसऱ्या कोणासाठी लिहीत नाही.

लिहायचं कारण सरळ सांगते. मला सुनेवर संशय आहे. उद्या काही निघालं तर कोणत्या दिवशी काय झालं ते माझ्याजवळ पाहिजे.

घरात तीन माणसं. मी पुष्पाबाई. मुलगा गोकुळ, तो नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे. सून सुवर्णा, लग्नाला अजून वर्ष नाही. पुण्याच्या कंपनीची नोकरी इथं मोताळ्यात माझ्या घरात बसून करते. नोकरी जानेवारीअखेरपर्यंत कच्ची. पक्की केली तर इथूनच करायची. काढलं तर दोघांनी पुण्याला जाऊन दुसरी शोधायची. हे मला कोणी सांगितलं नाही, गोकुळ जेवताना बोलून गेला आणि सुवर्णानं त्याच्याकडं पाहिलं. ते पाहणं मी पाहिलं.

काम काय करते म्हणावं, तर पाडते. फोनवर सांगत असते, आज दोनदा पाडला, उद्या परत पाडते. आणि पडला की एकटीच टाळी वाजवते. कोणती कंपनी आपलंच सामान पाडायला पगार देईल?

१९ डिसेंबर

तिला धरून बसवलं आणि विचारलं. ती म्हणे, कंपनीनं माहिती साठवायचं कोठार केलंय, त्याला सर्व्हर म्हणतात. प्रश्न विचारला की ते उत्तर देतं. हिनं एक प्रोग्राम केलाय, तो डोळे मिटून उलटेसुलटे प्रश्न बनवतो आणि कोठारावर फेकत राहतो, हजारो. कधी एखाद्या प्रश्नाला उत्तर द्यायचं सोडून कोठार बंदच पडतं. म्हणजे आत चूक आहे. मग चूक कुठं आहे ते हिनं शोधायचं.

"मंग असे येड्यावानी प्रश्न विचारतेच कायले?" मी म्हटलं.

"आपण नाही विचारले तर उद्या हे कोठार वापरणाऱ्या दवाखान्यात कोणी विचारन, आई. तवा पडलं तर?"

"अन् प्रश्नानंच चूक झाली असंल तर?"

"प्रश्नानं चूक होत नाही. चूक आधीपासूनच असते. प्रश्नानं फक्त दिसते."

उत्तर पटलं. पण पटेल असं उत्तर तयार ठेवणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो.

२१ डिसेंबर

आज कापसाची वेचणी होती. सुवर्णा डबे घेऊन वावरात आली. बाया बाभळीखाली जेवायला बसल्या आणि ही फोन काढून त्यांना पूर्ण नावं विचारायला लागली. म्हणे कंपनीची नावं सगळी इंग्रजी आणि एकाच साच्यातली, तिला आपल्याकडची पाहिजेत, कोठारात भरून प्रश्न विचारायला.

सिंधूताई लाजली. पन्नाशी उलटलेली बाई. "कलाबाई, माह्यावालं तू सांग वं."

"सहदेव," कलाबाई म्हणाली. "लिही पोरी, सिंधू सहदेव. आता माह्यावालं सिंधूताई सांगते."

"भाऊराव," सिंधूताई म्हणाली. "भाऊराव म्हणजे काय, घरात आला की भाकर अन् भाकर संपली की बाहेर."

सगळ्या हसल्या. असंच एकीचं दुसरीनं सांगत गेल्या. आमच्याकडं बाई मालकाचं नाव घेत नाही, शेजारची घेते. सुवर्णा खाली मान घालून टाइप करत होती. तशीच म्हणाली, "अन् आईचं?"

 कलाबाई पाण्याची बाटली शोधायला लागली. बाटली तिच्या मांडीवरच होती.

"उठा आता," मी म्हटलं. "ऊन उतरायच्या आत ह्या ओळी झाल्या पाह्यजेत."

माझीही तीच रीत, मी नाव घेत नाही. दुसरं काही कारण नाही.

२२ डिसेंबर

झोप नीट लागली नाही. मागं एक जण शिलाई मशीन देतो म्हणून बायांची नावं घेऊन गेला होता. मशीन आलीच नाही. पण सिंधूताईच्या नावावर तीन सिम कार्ड निघाली आणि पोलिस दारात आले. तिनं आयुष्यात फोन धरला नव्हता.

सकाळीच सुवर्णाला म्हटलं, बायांची नावं ह्या घराबाहेर गेली तर माझ्याशी गाठ आहे. ती म्हणाली, नाही जाणार, कोठार माझ्याच कॉम्प्युटरवर आहे, इथंच. मी कॉम्प्युटर उचलून मागून पाहिला. वायर दोनच होत्या. पण आजकाल वायर लागत नाही म्हणतात.

२६ डिसेंबर

सापडलं. दुपारी ही खोलीतून ओरडली. मला वाटलं पाल पडली अंगावर. तर कोठार पडलं होतं, आणि साधं नाही, असं पडलं की पुन्हा उभं करायला वेळ लागला. तोच प्रश्न परत विचारला, परत पडलं. तिचं तोंड असं झालं होतं की जसं रिझल्ट लागलाय.

"एवढी मोठी चूक कोणाले सापडली नव्हती, आई. आता नोकरी पक्की समजा."

मी प्रश्न वाचायला लावला. आजपर्यंत कुणी शहाण्यानं विचारला नसेल असा प्रश्न. नवरा असलेल्या बाया, त्यात नवरा नसलेल्या मिळवा, ती बेरीज सगळ्या बायांतून वजा करा, उरलेल्यांना नवऱ्याच्या नावानं ओळीत बसवा. असलं काहीतरी.

मग तिनं सांगितलं की प्रश्न आणि नावं दोन्ही पुण्याला पाठवावी लागतील, म्हणजे साहेब तिथं पाडून पाहतील. मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, नावं बदल. माझ्यासमोर. ती बिचारी पाठवायची नक्कल काढून बसली बदलत. खोटी नावं मी सांगत होते, माझ्या माहेरच्या मावशा, चुलत्या, आठवतील तशा. नवऱ्यांची नावं तिनं भरली. शेवटी माझी ओळ आली. माझं नाव आणि पुढं रिकामा डबा. पडद्यावर तो डबा किती मोठा दिसतो.

"हे काय ठेवलं?"

"तुम्ही सांगितलंच नाही तवा, म्हणून रिकामं आहे. राहू द्या न. खोट्या नावाच्या बाईची जागा आहे, कोणाले समजणार?"

"ज्याले समजायचं त्याले समजते. भर काहीतरी."

"मामाजींचं?"

"त्यांचं नाही. पंजाबराव टाक. दमदार वाटते."

तिनं पंजाबराव टाकलं. तरी मला भरवसा नव्हता. तिला गोकुळच्या नावानं आण घ्यायला लावली की रिकामी जागा घराबाहेर पाठवणार नाही. ती म्हणाली, आई एवढ्यासाठी आण? मी म्हटलं, एवढ्यासाठीच. घेतली. मग पाठवलं.

आण घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय आण सुटत नाही, आणि मी मरेपर्यंत तसं म्हणणार नाही.

३० डिसेंबर

पुण्याहून उत्तर आलं. तिथं पडत नाही म्हणे. प्रश्न विचारला आणि कोठारानं सरळ उत्तर दिलं.

सुवर्णानं इथं परत विचारलं. पडलं. परत विचारलं. पडलं. चहा केला होता, गार झाला.

आता मला सांगा, इथं पडते आणि तिथं पडत नाही अशी वस्तू असते का? मला वाटतं हिनंच काहीतरी करून ठेवलंय. किंवा पडतच नाही, मला पडल्याचं नाटक दाखवते. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, मला काय कळणार?

गोकुळ जेवताना म्हणाला, "आई, तू मागं उभी राह्यते म्हणून पडत असंल. तुह्या नजरेनं दूध फाटते."

"चूप बस बे. दूध तुह्या आळसानं फाटलं होतं."

सुवर्णा हसली नाही.

२ जानेवारी

सोयरीक पाहायला गेलं की मी एकच गोष्ट तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं विचारते. पोराच्या आईला, किराणावाल्याला, आणि येताना बसथांब्यावर कोणालातरी. खरं असलं तर जुळतं. तशीच ह्या दोघांची परीक्षा घेतली.

सकाळी गोकुळला विचारलं, पुण्यात थंडी किती असते रे? म्हणे, मी कुठं जाऊन पाह्यलं. दुपारी सुवर्णाला विचारलं, तिकडं खोल्या महाग असतील नाही? म्हणे, असतील, आपल्याले काय करायचं. संध्याकाळी गोकुळला म्हटलं, तुह्या मोठ्या बॅगेची चेन बसवली का? म्हणे, कोणती चेन?

उत्तरं जुळली. जरा जास्तच जुळली. ठरवून सांगतात.

५ जानेवारी

बाजाराचा दिवस. लवकर परत आले, मुद्दाम. सुवर्णा साहेबाशी बोलत होती, दार लोटलेलं. साहेबाचा आवाज बारीक येत होता. तुझी माहितीच खराब असेल, हे बंद करून टाक, तीस तारखेला तुझ्या नोकरीचं बघू, असं काहीसं. मग म्हणाला, इकडं येऊन राहिलीस तर शिकायला मिळेल. ही म्हणाली, "नाही सर, शिफ्ट नाही होता येणार. सासूबाई एकट्या आहेत."

म्हणजे माझं गाऱ्हाणं पुण्यापर्यंत पोचलं. हिची अडचण कोण, तर मी.

मी दार ढकललं. तिचे डोळे लाल. म्हणे, कांदा चिरत होते. कांदे घरात नव्हते, ते मी आत्ता पिशवीत घेऊन आले होते. खोटं बोलायचं तर माणसानं टोपली तरी पाहावी.

भाजीत मीठ जास्त पडलं होतं. मी काही म्हटलं नाही. का नाही म्हटलं ते मलाही समजलं नाही.

७ जानेवारी

आता नवीनच चाललंय. पडद्यावरच्या बाया एकेक करून काढून टाकते. सिंधूताई गेली, मग दोन दिवस वेचायला आलेली शेजारच्या सुभद्राबाईची जाऊ गेली.

"काऊन काढून राह्यली त्याहिले?"

"एक बाई काढायची अन् तोच प्रश्न विचारायचा. तरी पडलं तर ती बाई निर्दोष. जाऊ द्यायची."

"अन् नाही पडलं तर?"

"तर तिच्याशी काहीतरी संबंध आहे. तिले परत बसवायचं."

ही रीत मला आवडली. पोलिसांनी असं केलं असतं तर सिंधूताईला चावडीवर दिवसभर बसावं लागलं नसतं. मी म्हटलं, "कलाबाईले घाई करून सोडू नको. तिचा भरवसा नाही. मागच्या साली तिच्या पोत्यात ढेकळं निघाले होते."

सुवर्णा पहिल्यांदा हसली आठवड्यात. मग कलाबाईला काढलं. कोठार पडलंच. कलाबाई निर्दोष. मला थोडं वाईट वाटलं.

१० जानेवारी

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण मग बाकीचं लिहून काय उपयोग?

सुवर्णानं हाक मारली, आई इकडं या न. गेले. पडद्यावर एकच ओळ. पुष्पाबाई. आणि तो डबा.

"सगळ्या काढल्या. तरी पडते. तुम्ही एकट्याच उरल्या."

"म्हणजे माह्यानं पडते?"

"तुमच्यानं नाही, रिकाम्या जागेनं. पाह्या. त्याले विचारलं नवरा असलेल्या बाया कोणत्या, त्यात तुम्ही नाही. विचारलं नवरा नसलेल्या कोणत्या, त्यातही तुम्ही नाही. अन् सगळ्या बाया म्हटलं की तुम्ही आहात. मंग वजाबाकी केली की तुम्ही उरता, अन् तुमच्या मालकाच्या नावानं तुम्हाले ओळीत बसवायले जाते, तर नावच नाही. तिथं ते पडते. खरं म्हणजे त्यानं तीन ढीग केले पाह्यजेत. आहे, नाही, अन् माहीत नाही. हा तिसरा ढीग बनवणारा विसरला."

ती कोठाराबद्दल बोलत होती. भरभर, खुशीत, हात हलवून. मला वाटलं सगळ्या मोताळ्यात भोंगा लावून बोलते आहे.

"कोणी सांगितलं तुले, माहीत नाही म्हणून?"

तिचा हात हवेत राहिला.

"गोकुळनं सांगितलं? का त्या बायांनी? म्हणूनच नावं विचारत फिरली होती तू. तुले हेच काढायचं होतं. माह्या घरातलं त्या मशीनले कायले पाह्यजे?"

"आई, मले खरंच तसं नव्हतं—"

"चूक आधीपासूनच असते म्हणे. तूच म्हणाली होती. अशी चूक आहे मी?"

चपला घालून वावरात गेले. काम काही नव्हतं. ओळीत राहिलेली चार बोंडं वेचली, ओच्यात घेऊन बसले.

गोकुळ दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. विहिरीवरच्या मोटरीचा वॉशर गेला होता. ते जुना वॉशर पिशवीत घालून नांदुऱ्याला गेले. दुकानदार म्हणाला, आले होते, नवीन वॉशर घेऊन गेले. त्याच्या पुढचं कोणाला सांगता येत नाही. दुकानापासून स्टेशन दूर नाही. कोणी म्हणे भुसावळला पाहिलं, कोणी म्हणे सुरतला. कोणी म्हणे रुळावर. ते मी जाऊन पाहून आले, दुसराच माणूस होता.

पळून जाणारा माणूस वॉशर कशाला घेईल? हे मी इतक्या वर्षांत कोणाला विचारलं नाही.

११ जानेवारी

सुवर्णाशी बोलणं बंद. चहा ओट्यावर ठेवते, ती उचलते.

दुपारी तिनं आपलंच कपाळ बडवलं. मी ऐकलं, पाहिलं नाही. संध्याकाळी गोकुळ आला तेव्हा त्याला सांगत होती. पुण्याला जे पाठवलं त्यात रिकामी जागाच नव्हती, तिथं पंजाबराव बसलेला. म्हणून तिथं पडलं नाही. घरच्यात जागा तशीच, म्हणून इथं पडते. पाठवलेलं एकदा इथं चालवून पाहायचं होतं, ते मी गाढवानं पाहिलं नाही, असं म्हणाली. माझं नाव घेतलं नाही.

गोकुळ म्हणाला, "मंग पाठव न रिकामी जागा. आईचं नाव नको टाकू, कोणतीही बाई टाक."

"नाही पाठवता येत. आण घेतली आहे. तुमचीच."

"आत्ताच्या काळात आण?"

"तुमची आहे म्हणून म्हणते."

गोकुळ माझ्याकडं आला. दारात उभा राहिला. लहान असताना शाळेतून मार खाऊन आला की असाच उभा राहायचा. म्हणाला, "आई, तीस तारीख जवळ आली." बस, एवढंच. माझ्या नवऱ्याचं विचारलं नाही. त्यानं कधीच विचारलं नाही. मी समजत होते त्याला आठवत नसेल.

पंजाबरावानं घात केला म्हणतात ते मला समजलं. पण तो मी बसवला म्हणून दोष माझ्यावर ढकलतात का, ते पाहायचं आहे.

१२ जानेवारी

दोष ढकलला नाही. दिवसभर वाट पाहिली. सुवर्णानं माझ्या गुडघ्याचं तेल गरम करून ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली. ह्यात काय डाव आहे ते समजत नाही.

दुपारी डायरी घेऊन बसले. म्हटलं आपणच भरून पाहू त्या डब्यात. एका मशीनला जमत नाही, आपल्याला जमायला पाहिजे. आपला माणूस आहे.

लिहिलं, आहे. वाचून पाहिलं. असता तर आला असता, निदान गोकुळच्या लग्नाला. खोडलं.

लिहिलं, नाही. हात थांबला. मग मी कपाळाला कुंकू कोणाचं लावते? ते पण खोडलं. कागद फाटला तिथं.

तिसरं लिहिलं नाही. पण तेच आहे, आणखी कुठलं असणार?

उठून सुवर्णाच्या दारात गेले. "सुटली," मी म्हटलं.

"काय, आई?"

"गोकुळची आण. सुटली. सुटली. पाठव."

ती खुर्चीतून उठली. "तुमचं नाव नाही टाकत. कोणतंही टाकते, सुमन नाहीतर—"

"माहंच टाक. खोटं टाकलं अन् पुन्हा नाही पडलं तर? एकदा झालं तेवढं पुरे. अन् आधी इथं चालवून पाह्य. ह्या वेळी मी पाह्यते."

तिनं चालवलं. पुष्पाबाई, पुढं काही नाही. पडलं.

मी पाठव म्हटलं. तिनं बटण दाबलं. बटण एवढंसं असतं.

१५ जानेवारी

पुण्याचं पडलं! साहेबानं सगळ्यांना दाखवायला बोलावलं, त्यांच्या देखत परत पाडलं. त्यानं फोनवर सुवर्णाचं अभिनंदन केलं. मी बाजूलाच होते. पाडल्याबद्दल अभिनंदन, काय लोक आहेत. कोणी सरळ मनानं एवढं गोड बोलतं का? पक्कं केल्याचं पत्र हातात पडेपर्यंत मी विश्वास ठेवणार नाही.

त्यानं विचारलं म्हणे, रिकाम्या जागा तर आमच्याकडंही असतात, मग आम्हाला कशी सापडली नाही? सुवर्णा म्हणाली, नवऱ्याचीच जागा रिकामी आणि वर हाच उलटा प्रश्न, हे दोन्ही एकदम तुमच्याकडं कधी आलं नसेल.

आलं नसेल. इथं ती रिकामी जागा येऊन चोवीस वर्षं झाली.

२२ जानेवारी

पत्र आलं. सुवर्णा पक्की. गोकुळनं जिलेबी आणली, ओली आणि थंड, उरलेली घेतली असणार.

कंपनीनं कोठार दुरुस्त करून पाठवलं. सुवर्णानं मला बसवलं. सगळ्या बाया परत आणल्या होत्या, सिंधूताई, कलाबाई, सगळ्या. तोच प्रश्न विचारला. मी खुर्चीचा हात धरून ठेवला.

पडलं नाही. तीन ढीग दाखवले. तिसऱ्यात एकच बाई. तिचं नाव शेवटी, तिला कुठं बसवायचं ते त्यांनी ठरवलं होतं.

"सगळ्याच्या शेवटी काऊन?" मी विचारलं.

"सुरुवातीले पण बसवता येते, आई. सांगावं लागते."

"राहू दे. शेवटी बरं. सगळ्या दिसतात."

२४ जानेवारी

सुभद्राबाईकडं हळदीकुंकू होतं. मी दरवर्षी जाते आणि नाव घ्यायची वेळ आली की पाणी प्यायला आत जाते, तोवर पाळी पुढं सरकते. सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलत नाही.

ह्या वर्षी सुवर्णा बरोबर होती. तिचं पहिलं हळदीकुंकू म्हणून बाया तिच्या मागं लागल्या. तिनं घेतलं, अडखळत, गोकुळचं नाव शेवटच्या शब्दाला कसंतरी आणून चिकटवलं. हसल्या. मग कोणी नवीन बाई होती, सुभद्राबाईची मुंबईकडची भाची का कोण, तिला काही माहीत नाही. ती म्हणाली, "आता सासूबाईंनी घ्यायचं!"

मी उठायला लागले. गुडघा लागला. सुवर्णानं हात दिला आणि हळूच विचारलं, "पाणी मी आणू का, आई?"

म्हणजे तिलाही माहीत होतं. मग मी परत बसले.

"नाव मले येते," मी म्हटलं. "पण घेत नाही. अन् माणूस आहे का नाही, ते मले माहीत नाही. आहे म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. कुंकू लावायचं असंल तर लावा, नाहीतर पुढं सरका. माह्या घरी भाकरीचं पीठ मळून ठेवलेलं आहे."

फार झालं बोलून. कलाबाईनं आपल्या हातातली बांगडी फिरवली.  मी वाट पाहत बसले, आता काहीतरी पडेल म्हणून.

काही पडलं नाही.

सुभद्राबाई कोयरी घेऊन उठली. आधी हळद लावली, मग कुंकू. नेहमीपेक्षा मोठं लावलं, जवळजवळ नाकावर आलं. मग सिंधूताई म्हणाली, "पुष्पाबाई, मी तवाच सांगणार होती पोरीले, बाभळीखाली. माह्या तोंडावर नाव आलं होतं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही उठा म्हणाल्या न."

मला हसू आलं. का आलं माहीत नाही.

वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी मिळाली. घरी येऊन उजेडात धरून पाहिली. एका बाजूची भोकं मोठी आहेत. सुभद्राबाईनं ढिगातून स्वस्त घेतली असणार, मी विचारणार आहे तिला. सुवर्णा म्हणाली, आई, चालते न, चहाला होईल.

आधी गाळून पाहू म्हटलं. मग सांगते चालते का.